जाड तारांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा ब्लूज गाणे व गिटार वाजवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या शब्दांत करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलीने तो दोनदा वाचला. कायद्याची भाषा वकीलसाहेबांनी तपासली. मधले माझे बोलणे गाळायला त्यांना मनाई आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. तो राग कसा गेला, ते कलम चारमध्ये येईल.

१. लाँड्रीच्या वरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती लिफ्ट दुरुस्त करते, त्यामुळे घरातल्या नळाची आणि दिव्यांची मला काळजी नाही. मागच्या खोलीच्या भिंतींना आवाज अडवायला लावलेल्या गाद्या मात्र तिने खुशाल काढाव्यात. लाँड्रीवाल्यांना त्यांचा कधीच उपयोग झाला नाही, हे त्यांनी मला तोंडावर सांगितले आहे.

२. अ‍ॅम्प्लिफायर. माझ्या गिटारचा आवाज कुठून आला याबद्दल बाहेर बरेच काही बोलले जाते, म्हणून इथे लिहून ठेवते. मुलगी झाली त्यानंतर माझा गळा खाली आला, वरचे सूर लागेनात. तेव्हा आमचा बँड एका हॉटेलात वाजवत असे. मी गायचे आणि जमेल तशी साथ करायचे. मुख्य गिटार वाजवायचा तो, ज्याला आम्ही सगळे चष्मा म्हणायचो. त्याचे खरे नाव बहुधा तोही विसरला असेल. एका संध्याकाळी मी वरच्या सुरावर अडकले, तेव्हा तो हसत म्हणाला, "गळा वर जात नसेल तर गिटार खाली आण." सगळे हसले. मी घरी आले आणि खरोखरच साऱ्या तारा सैल करून सूर उतरवला. गळा बरोबर बसला, पण सैल तारा खडखडायला लागल्या. म्हणून दुकानात होत्या त्यांतल्या सर्वांत जाड तारा घेतल्या. दुकानदाराने विचारले, "बाई, या गिटारला लावणार की यांवर कपडे वाळत घालणार?"

त्या तारांच्या खर्जाने माझ्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर फाटला. माझ्या दिवंगत पतींचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्या मापाचा स्पीकर मिळेना, तेव्हा त्यांनी बंद पडलेल्या एका थिएटरातला जुना, मोठा स्पीकर आणला, अ‍ॅम्पची पेटी करवतीने कापली आणि तो आत बसवला. मी तार छेडली. घसा बसलेल्या माणसाने खरे सांगावे, तसा आवाज आला. हे करवत हातात धरून तसेच उभे.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. परत वाजव," ते म्हणाले.

त्यानंतर मुख्य गिटार माझ्याकडे आली आणि लोक मला खर्जबाई म्हणू लागले.

हा अ‍ॅम्प मुलीला. संगीत मंडळाच्या चिटणीसांनी तो काचेच्या कपाटात ठेवायला मागितला आहे. त्यांना नम्र नकार कळवावा. मुलीला गिटार येत नाही, तरी चालेल. तिने तो अधूनमधून चालू करावा आणि आतून येणारी गुणगुण ऐकत बसावे. लहानपणी ती त्याला "बाबा गातायत" म्हणायची.

३. नणंदबाईंना माझा ताल मोजून देणारा, टिकटिक करणारा मेट्रोनोम. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले होते, "ही वेळेवर कधी उठणार?" आता उत्तर मिळायचे राहिलेच, निदान टिकटिक तरी त्यांच्याजवळ असावी. सोबत माझी लोकरी शाल, ती मात्र प्रेमाने.

४. गिटार. आधीच्या मृत्युपत्रात मी चष्म्याला पातळ तारांचे एक पाकीट ठेवले होते, तेही फोडलेले. कारण त्याने रेडिओवर मुलाखतीत सांगितले की हा खर्जातला आवाज त्याची कल्पना. मी त्याच्याशी बोलणे टाकले. पुढे बँड मोडला, दोघांचे केस पिकले, तरी बोलले नाही.

या हिवाळ्यात दिवा बदलताना मी स्टुलावरून पडले आणि डावे मनगट मोडले. माझ्या ठरलेल्या कार्यक्रमाची तिकिटे संपली होती. संयोजक तो रद्द करायला निघाले, तेव्हा मुलगी मला न विचारता चष्म्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता.

"आत येऊ का?"

"आलायस तर ये. तुझी गिटार बाहेर ठेव."

लोक ज्या आवाजासाठी आले, तो त्यांना मिळायला हवा होता. त्यामुळे गिटार, तारा, अ‍ॅम्प सगळे माझे. मी फक्त गाणार. पहिले गाणे निभावले. दुसऱ्यात तार ओढून सूर चढवायचा होता, तर तार हलेचना. मध्यंतरात तो बर्फाच्या पेल्यात बोटे बुडवून बसला.

"या गिटारच्या तारा आहेत की पुलाच्या?"

"कळलं आता?"

"कळलं गं."

एवढ्यावर भागले असते. पण मध्यंतरानंतर तो स्वतःहून माईकपाशी गेला. "रेडिओवर मी एकदा खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "थट्टा माझी होती. आवाज हिचा आहे. ही माझी बोटं बघा." त्याने पट्ट्या लावलेला हात वर केला. सभागृह हसले. माझी मात्र गाण्याची सुरुवात चुकली. तो तीच सुरावट पुन्हापुन्हा वाजवत माझ्यासाठी थांबला, मी सावरेपर्यंत.

तेव्हा ही गिटार चष्म्याला. अट एकच: तारा जाडच राहाव्यात आणि उतरवलेला सूर परत चढवू नये. बोटे दुखतात अशी तक्रार त्याने आणली, तर मुलीने चहा द्यावा, ऐकून घ्यावे आणि गिटार परत घेऊ नये.

५. अंमलबजावणी मुलीने करावी. माझ्या मागे सभा घेतलीच तर त्यात भाषणे नकोत. ज्याला बोलल्यावाचून राहवणार नाही, त्याने गावे.

साक्षीदार सहीला बसले तेव्हा लाँड्रीवाल्यांनी विचारले, "मग गिटार आजच पोचवायची का त्यांच्याकडे?" मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होते, हे वकीलसाहेब त्यांना समजावू लागले. मी म्हणाले, हेही लिहून घ्या. माझे प्लास्टर निघाले आहे आणि शनिवारी आम्हा दोघांचा कार्यक्रम आहे. माझी गिटार मी वाजवणार. चष्म्याने स्वतःची आणावी, आणि तिला जाड तारा लावूनच यावे.

सही: खर्जबाई

वरील बाईंनी हे आमच्यादेखत वाचले, मध्येच दोनदा हसल्या आणि मग सही केली, याचे आम्ही साक्षीदार:
१. लाँड्रीचे मालक, तळमजला (सही)
२. मनगट जुळवणारे हाडांचे डॉक्टर (सही, वाचता येईल तितकी)

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: मार्चचा दुसरा मंगळवार, सकाळी