चार हजार कण आणि अर्धी बादली

बदलापूर पूर्व, रविवार

आदरणीय महेंद्रमामा, सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची शुगर कशी आहे? उल्हासनगरला सगळे मजेत असतील असं धरून चालते, कारण इकडे तसं नाही.

माझ्या पीएचडीचं काम तुम्हाला ठाऊक आहेच (नसेल तर मम्मीला विचारू नका, ती वेगळंच सांगते). कॉम्प्युटरमध्ये एक काल्पनिक डबा, त्यात चार हजार गोल कण. लांबून ते एकमेकांना ओढतात, फार जवळ आले की ढकलतात. तापमान हळूहळू उतरवायचं आणि वायूचा द्रव कधी होतो ते बघायचं. सगळी आकडेमोड, ओलं काहीच नाही. हे गणित एकोणीस दिवस सलग चालू होतं. शुक्रवारी पडद्यावर कण गोळा होऊन थेंब दिसला आणि मी आनंदाने मम्मीला म्हटलं, थेंब झाला. मम्मीने ते जिन्यात सांगितलं. सोसायटीचे नळ चार दिवस कोरडे. दहा मिनिटांत सेक्रेटरी हिरामणकाका बादली घेऊन दारात.

मी पाऊण तास समजावलं की हे पाणी फक्त कागदावर आहे. ते शांतपणे म्हणाले, "सोसायटीचं पाणीपण सध्या कागदावरच आहे, पोरी. तू सुरुवात तर कर." तळमजल्यावरच्या कौसाबाई आजींनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, थंडी वाढली की माणसं चिकटून बसतात, तसंच ना? (माझ्या गाइडना हे मला समजावून सांगायला दोन सेमिस्टर लागली.) मी हो म्हटलं, आणि तिथेच चुकलं. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात काकांनी खालच्या कोळणीकडची बर्फाची लादी आणून कॉम्प्युटरवर ठेवली, थंडी वाढावी म्हणून.

बाहेर आले तर पडदा काळा, आणि कॉम्प्युटरच्या फटीतून पाणी गळतंय. काकांनी बादली खाली धरलेलीच होती. जिन्यात टाळ्या वाजल्या. मी रडत होते, तर मीनलला आनंदाश्रू आले असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. अर्धी बादली भरली. पाण्याला बोंबलाचा वास होता, पण तक्रार कुणीच केली नाही. आता ठराव झालाय: नवा कॉम्प्युटर गच्चीत ठेवायचा, टाकीला पाइप जोडून.

मामींना नमस्कार, तुमच्या करिष्माला बारावीसाठी शुभेच्छा.

तुमची भाची,
मीनल

ता. क. मला तीन महिने तुमच्या माळ्यावर राहू द्याल का? करिष्माचा कॉम्प्युटरही लागेल. शेजाऱ्यांनी विचारलं तर मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय असं सांगा.

ता. क. २. सगळ्या फायली पेनड्राइव्हवर शाबूत निघाल्या. काल तपासल्या. ओढीच्या सूत्रात अधिकच्या जागी मी उणे टाकल्यामुळे कण पहिल्या दिवसापासून एकमेकांना नुसते ढकलतच होते. थेंब म्हणून दिसला तो चित्र काढणाऱ्या प्रोग्रामचा डाग. म्हणजे एकोणीस दिवसांत या कॉम्प्युटरमधून खराखुरा द्रव काढला तो हिरामणकाकांनीच. त्यांचं नाव प्रबंधात कुठे घालावं, हे गाइडना विचारायची हिंमत होत नाही.