चारही चाकं वर

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

ह्यांची गाडी आज गेली. हे गेल्यापासून बंदच होती, शेवटी मोहोळच्या एकाला विकली. ड्रायव्हरची सीट अजून ह्यांच्या लांब पायांच्या मापाची होती. मधे कुणी बसलंच नाही ना.

क्रेनवाला सरळ पुढची दोन चाकं उचलायला लागला. मी थांबवलं. "या गाडीची चारही चाकं इंजिनाला जोडलेली आहेत. मागची दोन रस्त्यावर फिरली तर आतले गिअर जळतील. सपाट ट्रक आण."

"मावशी, विकली की तुमी! आता जळंना का."

"विकली म्हणून फरफटत न्यायची?"

पुटपुटत गेला, पण ट्रक आणला. गाडी न्यूट्रलला टाकायला आत बसला आणि खटकन सीट पुढे ओढली. "लई लांब पाय होते की सायबांचे!"

चारही चाकं वर चढली. प्रत्येक पट्टा मी स्वतः ओढून पाहिला. चाकांची एवढी काळजी, आणि सीट?

ती पुन्हा मागे सरकव म्हणणार होते. पण किती मागे? इतकी वर्षं शेजारी बसले, कधी नीट पाहिलंच नाही.