परतूरचं प्रेसिंग

२५ जून २००२, संध्याकाळ

आजपासून डायरी. कारण आज दिशा मिळाली. काकासाहेबांच्या आडतीवर टीव्हीवर वर्ल्ड कपची सेमी फायनल बघितली, कोरिया विरुद्ध जर्मनी. कोरियाची पोरं अंगानं किरकोळ, पण समोरच्याकडं चेंडू गेला रे गेला की तिघं-तिघं त्याच्या अंगावर. श्वास घेऊ देत नाहीत. कॉमेंट्रीवाला ह्याला प्रेसिंग म्हणाला. हाफटाइमला लाईट गेली. आली तेव्हा मॅच संपलेली. पण सिस्टीम समजायला पहिला हाफ बराबर पुरला.

आपल्या नवयुवक क्लबला हेच पाहिजे होतं. शाळेत मराठी शिकवतो म्हणून काय झालं, कोच मीच आहे.

२६ जून

पेपर. कोरिया हरलं. दुसऱ्या हाफमध्ये गोल खाल्ला. किरकोळ गोष्ट आहे.

३० जून

तिसऱ्या नंबरची मॅचही कोरिया हरलं, पहिल्याच मिनिटात गोल खाऊन. बायको पुष्पा म्हणाली, महिनाभर एवढी पळवल्यावर थकली असतील बिचारी. मी समजावलं की थकवा शरीराला येत नाही, मनाला येतो. ती म्हणाली, मंग जिना चढून आलात की तुमचं मन धापा कशाला टाकतंय? स्पोर्ट्स सायन्स सगळ्यांच्या डोक्यात शिरत नाही.

३ जुलै

काकासाहेबांनी बोलावलं. रुळापलीकडचं आपलं ग्राउंड म्हणजे त्यांचं पडीक रान. इतकी वर्षं क्लबला वापरू दिलं. आता म्हणाले, धर्मराज सर, तिथं प्लॉटिंग करायचं डोक्यात हाय. जिल्हा लीगमधी पहिल्या दोघांत आलात तर ग्राउंड पोरांचं. न्हाई तर जानेवारीत दगड रोवून टाकतो. मी म्हणालो, पहिल्या दोघांत कशाला, पहिलेच येतो. ते तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

ते ग्राउंड गेलं तर संध्याकाळी मी जायचं कुठं? घरी?

५ जुलै

टीमला शाळेच्या फळ्यावर सिस्टीम समजावली. समोरच्याकडं चेंडू गेला की सगळ्यांनी धावून जायचं, त्याला दाबायचं. कॅप्टन पुंजाराम शेतीवाला आहे, प्रत्येक गोष्ट खोदून विचारतो. म्हणाला, किती वेळ धावायचं? मी म्हणालो, शिट्टी होईपर्यंत. तो म्हणाला, कोन्ती शिट्टी, हाफटाइमची का शेवटची? मी म्हणालो, सीझनची.

मागच्या बाकावर दोघांनी डोकं टेकलं. प्रभाव पडला असावा.

१४ जुलै

अंबडला ४-० ने लोळवलं! त्यांच्या पोरांना पहिली दहा मिनिटं वाटलं, हे मारायलाच आले. एकजण चेंडू सोडून कुंपणाकडं पळाला. देवानंदचे तीन गोल. हा परतूर-आष्टी काळी-पिवळी जीप चालवतो आणि जीपपेक्षा जोरात पळतो. परतीच्या वाटेवर मात्र स्टेअरिंगवर झोपत होता. मी शेजारी बसून त्याला सिस्टीमचे बारकावे सांगत आलो, म्हणून सगळे वाचलो.

२८ जुलै

जालन्याच्या टीमलाही हरवलं, ३-१. पाऊस बिलकुल नाही, ग्राउंड दगडासारखं. पोरं म्हणतात पोटऱ्या दुखून राह्यल्या. मी म्हणालो, दुखणं म्हणजे ताकद आत शिरायचा आवाज.

ही ओळ चांगली झाली. कुठंतरी छापायला पाहिजे.

१८ ऑगस्ट

कुंभार पिंपळगाव, १-० ने जिंकलो. गोल सुरुवातीलाच झाला. दुसऱ्या हाफमध्ये आपली पोरं खांबासारखी उभी. मॅच संपल्यावर देवानंद लाईनवर ओकला. कारण: सकाळी आठवडी बाजारात खाल्लेली भजी. गोलकीपर कडूबा तेवढा ताजातवाना. तो म्हणतो, सर, मला कुनी दाबायला सांगितलंच न्हाई.

निर्णय: उद्यापासून पहाटे जादा प्रॅक्टिस. मी स्वतः पोरांबरोबर पळणार.

१९ ऑगस्ट

पळण्यावर सायकलवरून देखरेख केली. कोचला सगळं दिसायला उंची लागते.

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन. कुणी फूलसुद्धा दिलं नाही. असो.

उद्या पोळा. पुंजाराम प्रॅक्टिसला आला नाही म्हणून त्याच्या घरी गेलो. अंगणात बैलांची खांदेमळणी चाललेली. त्याच्या आईनं, झुंबरबाईनं, बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळून झालेली, आणि उरलेलं लोणी ती ओट्यावर बसलेल्या पुंजारामच्या पोटऱ्यांना चोळत होती. वर बैलांना म्हणतात तसं त्यालाच म्हणाली, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी विचारलं, हे काय? झुंबरबाई म्हणाली, सर, बैलाला वर्साला एक पोळा तरी ऱ्हातो. माझ्या लेकराला तुम्ही तो बी ठिवला न्हाई. उद्या त्याला औताला लावायचा न्हाई. परवा पोळ्याची कर हाय, परवा बी न्हाई.

पुंजाराम खाली मान घालून बसला होता. लाजला असावा. आईपुढं कोण बोलणार.

८ सप्टेंबर

आष्टी, त्यांच्या गावात. २-० ने पुढं होतो. शेवटी २-२. त्यांचे दोन्ही गोल दुसऱ्या हाफमध्ये. पण मला वाटतं, दोन दिवस पुरणपोळ्या खाल्ल्याचा हा परिणाम. पोळा हा सण फुटबॉलच्या दृष्टीनं घातक आहे.

६ ऑक्टोबर

जालन्याची दुसरी टीम. १-३ ने हरलो. आम्ही धावून जायच्या आधीच ते चेंडू दुसऱ्याला देत होते. असं खेळणं बरं नाही.

मॅचनंतर पुंजाराम म्हणाला, सर, एक सुचवू का. बैल बी औताचं तास संपलं की वळताना दम खातंय. आपुन पैली वीस मिनटं दाबू, मंग मागं येऊन जरा दम खाऊ, परत दाबू. मी म्हणालो, ही कोरियाची सिस्टीम आहे, बैलांची नाही. त्याला वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

देवानंदची मांडी आखडली. बर्फ लाव म्हणालो. तो म्हणाला, बर्फ कुठं, बाटलीभर गार पानी मिळालं तरी दोन घोट आधी पिऊन घेईन.

१३ ऑक्टोबर

परत हार, अंबडकडून. ह्यांनाच जुलैत लोळवलं होतं. तो कुंपणाकडं पळालेला पोरगा आज गोल करून गेला. मला बघून हसला.

पुष्पाला म्हणालो, पोरांची इच्छाशक्ती कमी पडतीये. ती म्हणाली, बॅटरीला बी चार्जिंग लागतंय. आजकाल ती मुद्दाम बोलती का सहज, कळत नाही.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

प्रॅक्टिसला सुट्टी दिली. स्वतःहून. (कुणी येणार नव्हतं.)

१६ नोव्हेंबर

अजून संधी आहे. आता जोर वाढवायचा. देवानंदजवळ सगळ्यांना निरोप धाडला: उद्या पहाटे सगळ्यांनी प्रेसिंगला यायचं. कुणी चुकवायचं नाही. निरोप मुद्दाम थोडक्यात आणि कडक ठेवला.

१७ नोव्हेंबर

ग्राउंडवर कडूबा एकटाच. बाकी कुणीच नाही. उन्हं वर आली तशी सायकल काढली आणि घरोघर फिरलो. झुंबरबाई म्हणाली, पोरगं तुमच्या शब्दावर पहाटंच प्रेसिंगला गेलं की.

तेव्हा प्रकाश पडला. परतुरात प्रेसिंग म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना! गेलो तर सगळी टीम तिथं, कापसाच्या ढिगात, डोक्याला फडकी बांधून. मुकादम खूष. दिवाळीनंतर माणसं मिळत नव्हती म्हणे, आज आपोआप आली. पुंजारामनं निरागस चेहऱ्यानं सांगितलं, सर, तुम्हीच म्हन्लात प्रेसिंगला या. आलो. देवानंद गाठीला टेकून चहा पीत होता. म्हणाला, इथलं प्रेसिंग झ्याक हाय सर. भाकरीला घटकाभर बसू देतात.

भाषेचा केवढा घोटाळा! मराठीचा शिक्षक असून माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. पोरांना रागावलो नाही. त्यांची काही चूक नाही.

२४ नोव्हेंबर

निरोप धाडला: ग्राउंडवरच्या प्रेसिंगला या. पाचजण आले. बाकीचे म्हणे चुकून परत तिकडंच गेले. सवयीचा परिणाम.

८ डिसेंबर

कुंभार पिंपळगावशी ०-०. शेवटी दोन्ही टीम उभ्या राहून एकमेकींकडं बघत होत्या. रेफ्रीनं शिट्टी वाजवली तेव्हा दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी शेवटची मॅच, घरच्या ग्राउंडवर, आष्टीशी. जिंकलो तर दुसरा नंबर. नाही तर काकासाहेबांचे दगड. सरळ हिशेब आहे. काकासाहेब काल ग्राउंडवर एका माणसाला घेऊन आले होते, त्याच्या हातात जमीन मोजायचा टेप होता. मी त्यांना नमस्कार केला. झोप नीट लागत नाही.

१५ डिसेंबर, संध्याकाळ

पडल्या-पडल्या लिहितोय.

नऊच खेळाडू आले. एकाच्या मामाचं लग्न, दोघांचे पाय सुजलेले, एक प्रेसिंगला. (कोणत्या, हे सांगायला नको.) मी शिट्टी गळ्यातून काढली आणि जर्सी मागितली. बारा नंबरची होती, पोटावर बसली नाही, तरी ओढून घातली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कौतुकानं.

सुरुवात झाली. त्यांच्या बॅककडं चेंडू. मी धावून गेलो. त्यानं डावीकडं दिला. मी डावीकडं. त्यानं उजवीकडं. मी उजवीकडं. परत डावीकडं. ह्या वेळी मला चेंडू दोन दिसले. छातीत भट्टी पेटलेली. पोटरीत कुणी सुरी फिरवल्यासारखं. पुंजारामला ओरडून सांगायचं होतं की सगळे मागं या, दम खा. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग मी मधल्या वर्तुळाजवळ बसलो. मग आडवा झालो. खेळ जेमतेम रंगात आला होता.

चौघांनी उचलून बाभळीखाली देवानंदच्या जीपमध्ये ठेवलं. तोंडावर ओला टॉवेल. टॉवेलखालून पुंजाराम बोलताना ऐकू आला, आता कुनी उगं पळायचं न्हाई रे, मागं थांबा, येऊ द्या त्याह्यला.

मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं, मॅच थांबली का मी गेलो. नंतर कळलं की आपली पोरं गोलपुढं आरामात उभी होती आणि आष्टीवाले आपापसात चेंडू देऊन देऊन कंटाळले. कंटाळून सगळेच पुढं आले. तेवढ्यात कडूबानं चेंडू धरला आणि लांब हाणला. देवानंद पुढं एकटा, कमरेवर हात ठेवून उभा होता. अख्ख्या मॅचमध्ये तो एकदाच पळाला. १-०.

मी गोल पाहिला नाही. जीप हलली तेव्हा कळलं. बघणारी पोरं टपावर चढून नाचत होती.

१६ डिसेंबर

डॉक्टर म्हणतात बीपी. पळायचं नाही, ओरडायचं नाही. मी म्हणालो, थकवा मनाचा असतो. त्यांनी एक गोळी वाढवली.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीच्या माझ्या प्रेसिंगनं आष्टी खिळखिळी झाली, गोल त्याचंच फळ. पुष्पाला सांगितलं. ती म्हणाली, बराबर हाय, आता झोपा.

१८ डिसेंबर

काकासाहेब घरी आले, पुंजाराम आणि देवानंद बरोबर. काकासाहेब म्हणाले, शब्द म्हंजी शब्द. प्लॉटिंग रद्द. ग्राउंड पोरांचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

मग म्हणाले, फकस्त एक अट. सरांनी ग्राउंडवर पाय ठेवायचा न्हाई. माझ्या रानात तुम्हाला काही झालं तर गाव मला खाईन.

मी पोरांकडं बघितलं. मला वाटलं आता भांडतील, म्हणतील सरांशिवाय कसला क्लब. देवानंद म्हणाला, सर, तब्येत पैली. पुंजाराम चहाच्या कपात बघत होता. म्हणाला, आई बी तेच म्हन्ती.

ते गेल्यावर इथं राजीनामा लिहायला घेतला. मी देणारच होतो. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. कुणी मागितलेला नाही.

२२ डिसेंबर

संध्याकाळी फिरायला गेलो. डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय. पाय आपोआप रेल्वे गेटकडं वळले. गेट बंद होतं. अलीकडंच थांबलो.

पोरं खेळत होती. कडूबा गोल सोडून पुढं आला होता, सगळे त्याला दाबायचं सोडून चिडवत होते. कोण कुठं खेळतंय, काही पत्ता नाही. पुंजाराम मधेच चेंडूवर बसला आणि कुणाला तरी शेतातली गोष्ट सांगायला लागला. सगळे हसत होते. हे सहा महिने मी रोज त्या ग्राउंडवर होतो. त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मालगाडी आली. लांबलचक होती. गेली तेव्हा देवानंदला मी दिसलो. त्यानं हात वर केला. मीही केला. त्यानं या म्हटलं नाही, मीही जातो म्हटलं नाही. मग गेट उघडलं आणि मी घरी आलो.

पुष्पानं विचारलं, थकलात का? हो म्हणालो.