सुईणबाईंचा तिरळा डोळा

मी, तांब्याच्या पत्र्यावर चेहरे कोरणारा, वय एकाहत्तर, हात थरथरत असला तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. मागचे मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते; ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलीला. जावयाने खिडकीची खोली भाड्याने देऊ नये. तसा उजेड गावात दुसरीकडे नाही.

२. कोरण्या, भिंग आणि वाळू भरलेली चामडी उशी पुतणीला. तिच्या बापाचा आणि माझा अबोला असूनही ती माझ्याकडे शिकायला आली. पोरी, वळण घेताना हात नाही, पत्रा फिरवायचा.

३. सुईणबाईंच्या तसबिरीचा पत्रा थोरल्या भावाला. गावातल्या आयांनी मिळून ती काढवली होती. सात महिने मी ठिपका ठिपका टोचत होतो. सावलीला दाट, उजेडाला विरळ. छपाई दादाकडे. तो म्हणाला, "डोळा सरळ कर. तिरळं तोंड भिंतीवर कोण लावणार?" मी केला. छाप हातोहात गेले. मग बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. कोण या?"

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. तेवढा डोळा खरवडला, पत्रा मागून ठोकून वर आणला, घासला आणि पुन्हा ठिपके टोचले. दादा छापेना. "म्हणजे मी विकलं ते खोटं?" तेव्हापासून एकोणीस वर्षे आम्ही बोललो नाही. कागद पत्र्यावर ठेवून चमच्याच्या पाठीने घासून मी एकच छाप काढला. तो पाहून बाई खळखळून हसल्या. "ही मीच!"

दादा, तुझी लेक पायाळू. तिला याच बाईंनी सुखरूप बाहेर काढले. एकदा तरी खरा चेहरा छाप.

४. दादाला साक्षीदार करायचे होते. वकील म्हणाले, ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही. म्हणून त्याला नुसतेच बोलवायला पुतणीला पाठवले आहे.

पुरवणी: दादा आला. भिंग घेऊन खिडकीशी बसला. अखेर म्हणाला, "पापणीखाली दोन ठिपके जास्त पडलेत." मी म्हटले, "सगळे मिळून तीनच आहेत." मग पत्रा काखेत मारून, "शाई घट्ट लागेल याला," असे पुटपुटत तो जिना उतरला. सबब कलम तीन खोडले आहे. बाकी सर्व कायम.

साक्षीदार: समोरचा घड्याळजी (सही), वरच्या मजल्यावरचे पंतोजी (सही)
लिहून ठेवणार: कोरणारा (सही, जरा वाकडी)
ठिकाण: खिडकीची खोली
दिनांक: ४ एप्रिल १८३१