आबांनी गिटारची मान बघितली

दादा,

तू कंपनीतनं येशील तवा मी कॉलेजला गेलेली असेन. शिरूरच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडनं तू दोन दिवस वाजवून बघायला आणलेली बास गिटार आबांना कणगीमागं सापडली. घाबरू नको, मोडली न्हाई.

आबांनी ती अंगणात आणली आन् बाजारात मेंढा पारखावा तशी पारखली. उचलून वजन बघितलं, पाठीवर थापटलं, दात बघायचे तेवढे राहिले. मग छातीला लावून चारी तारा छेडल्या. "ढोलावानी पोटात उतरतंय," म्हणाले. शेवटी एक डोळा झाकून मानेवरनं नजर टाकली. "मान वाकडी हाय. सांग त्याला, रंगाला भुलून जनावर घेतो व्हय कुणी?"

मीपण बघितलं, खरंच वाकडी हाय. मधल्या पट्ट्यांवर तार खरखरते ती त्यामुळंच. एवढ्या स्वस्तात का देतोय ते कळलं.

तू ऑर्केस्ट्रात गेल्यापासनं आबा तुझ्याशी बोलत न्हाईत, म्हणून निरोप माझ्याकडं. पण रविवारसाठी त्यांनी नवा पटका काढून ठेवलाय. दुसरी गिटार बघायला तुझ्यासंगं येणारेत. तू काही विचारू नको. मागं बसतील, गाडी तेवढी हळू चालव.

मोनिका