अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक बादली

६ ऑक्टोबर, सोमवार

सगळ्यात आधी आली ती रुक्माबाई, पेटीवाल्यांची गाडी तिच्या मागून! शेजारीण असावी तर अशी — माझ्या घरी पाहुणे यायच्या आधी ही दारात. "काहून वं, तुह्या घरी सरकारी माणसं?" मी म्हटलं, सरकारी नाही बाई, इंटरनेटवाले.

कुंपणाच्या कोपऱ्यात लोखंडी पेटी बसवली. कपाटाएवढी! खालून जाडजाड केबल आत गेले, खांबावरून लाईट घेतली. आत पंखा घूं घूं करते. त्याइचा मुख्य माणूस हरिसिंग, दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा. पहिल्याच शब्दाले मले "याडी" म्हणाला. त्याइच्या बोलीत आई. मग काय, झुणका-भाकर केली. लाजत लाजत तीन भाकरी खाल्ल्या!

जेवल्यावर खड्डा खणला. त्यात तांब्याची लांब पट्टी सोडली, पेटीतली हिरवी वायर तिले जोडली, वरून कोळसा अन् मीठ. मीठ कमी पडलं त लोणच्यासाठी आणलेलं जाडं मीठ मीच दिलं. याले अर्थिंग म्हणतात. "याडी, पेटीत करंट उतरला त हे पट्टी त्याले जमिनीत नेऊन सोडते. हात लागला तरी माणूस वाचते. फक्त माती ओली पायजे. रोज एक बादली टाकशीन?"

टाकशीन काय विचारते! तुळशीले टाकतेच, त्यात हा एक.

९ ऑक्टोबर

दिवसभर वावरात कापूस वेचला. कंबर गेली. घरी आली त ह्यांच्या हातापायाले माती. "खड्ड्याचं तोंड नीट केलं," म्हणे. आमचे पुंडलिकराव अन् आपणहून काम!

चिंचेचा गोळा अर्धा गायब. रुक्माबाईच असन.

१२ ऑक्टोबर, रविवार

खुशी दिसली!! माझी नात, पुण्याची. आधी मोबाईलमधे तिचं तोंड उघडं तसंच राहे अन् आवाज मागून येये. आज हालत होती, हासत होती, पडलेला दात दाखवला. "आजी, दिवाळीला येते गं!" आनंदात खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या.

अन् हे एक लिहायचंच आहे. पिण्याचा रांजण आता हे स्वतः घासतात, स्वतः भरतात. मले हात लावू देत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर गिलास भरून देतात — "पी वं, गुडघ्याले चांगलं असते." जन्मात कधी नवऱ्यानं पाणी दिलं नव्हतं! रुक्माबाईले सांगितलं. जळाली.

१७ ऑक्टोबर

बादली टाकली. आज ह्यांनीच भरून दिली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीले आलेली खुशी आंगणात खेळत होती.

आमची शेळी पेटीले आंग घासत होती, खाली चिखल. एकदम ओरडली अन् आडवी झाली. खुशी तिले उठवायले धावली, हात लावला अन् मागे फेकल्या गेली. बाप्पा! पोरगी वाचली. बोटाइत मुंग्या येतात म्हणे. शेळी गेली.

तिचा बाप तिले आजच घेऊन गेला. "आई, आता ती इथं येणार नाही," म्हणाला.

२५ ऑक्टोबर

हरिसिंग आला. पेटीची लाईट बंद केली, खड्डा उकरला. कोळसा होता, माझं मीठ होतं. पट्टी नाही! हिरव्या वायरचं टोक नुसतं मातीत.

म्हणजे इतके दिवस मी रिकाम्या खड्ड्यात पाणी ओतून राह्यली होती. त्याच ओलीत शेळीचे पाय होते.

"याडी, म्या माझ्या हातानं सोडली. तू उभी होती."

"अन् मी वावरात गेली तेव्हा येऊन काढून नेली. तांबं होतं ना!"

"लय गोड बोले तो," रुक्माबाई कुंपणावरून.

मी म्हटलं, मले याडी म्हणू नको. आई म्हणून भाकर खाल्ली अन् माझ्याच लेकरावर उठला!

ह्यांनी त्याले पाणी आणून दिलं. पिला, गिलास धुऊन ठेवला. गुरुवारी नवी पट्टी घेऊन येतो म्हणे, ठेकेदारानं कामावर ठेवलं त. ठेकेदाराले फोन मीच लावला होता. चोर आहे म्हणून सांगितलं.

२६ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. परक्यानं फसवलं त एवढं लागत नाही. याडी म्हणून फसवलं त्यानं.

ह्यांनी दिवसभरात तीनदा गिलास भरून दिला. माझं दुःख ह्यांले समजते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हे सकाळच्या एसटीनं नेर गावाले गेले. पाण्यात गाळ दिसला म्हणून रांजण उपडा केला.

तळाशी पट्टी. वेटोळं केलेली. चिंचेनं घासून लख्ख.

गुडघ्याले चांगलं असते.

हरिसिंगले मी चोर म्हटलं तेव्हा हे माझ्या बाजूलेच उभे होते. त्याले दिलेलं पाणी बी यातलंच.

उद्या गुरुवार. हरिसिंग येतो म्हणाला होता.