सतरावा खुंट

प्रिय तेजू,

तुझा फोटो मिळाला. बंदराच्या नव्या धक्क्यावर, डोक्याला पांढरं हेल्मेट, पिवळ्या खुंटावर पाय ठेवून उभी आहेस. आईनं तो अख्ख्या साजगावला दाखवला. मी एकदाच पाहिला आणि जेवणावरून उठलो.

धक्का वाढवलात, समोरचा तळ खोल केलात, आता दुप्पट मोठी कंटेनरची जहाजं लागणार, पहिलं सोमवारी, हे तू चार वेळा सांगितलंस. तेवढं जहाज दोरांनी त्या खुंटांनाच बांधणार. ते लोखंडी खुंट आमच्याच कारखान्यात ओतलेले. एकेकाला हातोडीनं वाजवून पास करायचं, हे माझं काम. लहानपणी खोपोलीच्या बाजारात तुला माठ वाजवायला मीच शिकवलं. हा बद्द वाजतोय म्हणून तू नाक मुरडून कुंभाराला परत द्यायचीस. फार चढवून ठेवलं होतं मी तुला!

तेजू, सतरावा खुंट बद्द वाजला होता. आत पोकळी असणार. मी खडूनं फुलीही मारली. पण तो माझा नोकरीतला शेवटचा दिवस. बाहेर हार-नारळ घेऊन मंडळी थांबलेली. माल चढवणारा आमचा जितेश सारखा दारात येत होता, काका, ट्रेलर उभा हाय, करा ना सही. मी परत हातोडी मारली आणि मला हवा तसा आवाज ऐकला. फुली माझ्याच बाहीनं पुसली. कुणी जबरदस्ती केली नाही गं. मला घरी यायची घाई होती, एवढंच.

फोटोत तुझ्या बुटाशेजारी ओतीव आकडा दिसतो. सतरा. दोर ताणलेला असताना खुंट तुटला तर तो दोर माणसाचं काय करतो, ते तूच मला सांगितलं होतंस. तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा वालाच्या शेंगांबद्दल बोलून ठेवून दिला. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली.

म्हणून शेजारच्या किशोरच्या हाती हे पत्र आणि माझी हातोडी पाठवतोय. आजच तुझ्या साहेबांना बोलाव आणि त्यांच्यासमोर सतराव्यावर मार. मग हे पत्र माझ्या नावासकट त्यांच्या हातात दे. मला वाचवायला काही फाडू नकोस. तोवर तिथं उभी राहू नकोस, कुणाला राहू देऊ नकोस. आणि पोरी, वाजवशील तेव्हा तुला हवं तसं ऐकू नकोस.

तुझाच घाबरलेला,
बाबा